तीन प्रकरणं, एकच उत्तर: "आरोपी पळून गेला"

कोर्टकचेरी (धागाकर्ता)
शनिवार, रात्री ९:१२

परवा सोनसाखळी चोरांच्या धाग्यावर "पोलिसांनी दोन रट्टे दिले तर बिघडलं कुठे" या वाक्यावरून चांगलीच जुंपली होती. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. बरीच वर्षं कोर्टाच्या बातम्या लिहिल्या, त्यातलं एक सतत डोक्यात राहतं. ते आधी मांडतो, मग भांडू.

जानेवारी २००३. घाटकोपरला २ डिसेंबर २००२ रोजी बसमध्ये स्फोट झाला होता. त्या गुन्ह्यात पोटा (तेव्हाचा दहशतवादविरोधी कायदा) लावून अटक केलेला ख्वाजा युनूस हा परभणीचा मुलगा, दुबईत नोकरीला असलेला सॉफ्टवेअर इंजिनीअर. पोलिसांनी सांगितलं की तपासासाठी औरंगाबादकडे नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. आजपर्यंत ना तो सापडला, ना त्याचा देह. त्याच्यासोबत कोठडीत असलेल्या एका डॉक्टरने मात्र कोर्टात सांगितलं, की युनूसला कपडे उतरवून मारताना मी पाहिलं आणि तो रक्त ओकत होता.

एप्रिल २०१४. साखळी चोरीच्या संशयावरून वडाळा रेल्वे पोलिसांनी चार तरुणांना उचललं, त्यातला एक अल्पवयीन. १८ एप्रिलला अॅग्नेलो वाल्डारिस मेला, वय २५. पोलिसांचं म्हणणं: तो पळाला आणि लोकलखाली आला. बाकीच्या तिघांनी मारहाणीचे आणि लैंगिक छळाचे आरोप केले. मुंबई उच्च न्यायालयाने तपास पोलिसांकडून काढून सीबीआयकडे दिला.

नोव्हेंबर २०१७, सांगली. लुटमारीच्या गुन्ह्यात अनिकेत कोथळे आणि त्याचा मित्र अटकेत. पोलिसांनी सांगितलं, दोघंही पळून गेले. सीआयडीच्या तपासात निघालं ते असं: अनिकेत शहर पोलीस ठाण्यातल्या मारहाणीत मेला आणि त्याचा देह आंबोलीला नेऊन जाळला. सांगलीहून आंबोली किती लांब आहे ते नकाशात बघा.

ही सबब महाराष्ट्राने शोधलेली नाही. ओडिशातल्या सुंदरगड जिल्ह्यात १ डिसेंबर १९८७ च्या सकाळी सुमन बेहेरा नावाच्या २२ वर्षांच्या मुलाला चोरीच्या संशयावरून पोलीस चौकीत नेलं. दुसऱ्या दिवशी देह रुळांवर मिळाला. पोलीस म्हणाले, बांधलेली दोरी दातांनी कुरतडून तो पहाटे तीनला पळाला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि १९९३ च्या निकालात तिला दीड लाखाची भरपाई मिळाली. नीलाबती बेहेरा निकाल म्हणतात तो हाच.

माझा मुद्दा मारहाण वाईट की चांगली हा नाहीच. आपल्याकडे आरोपीला वाचवणारे नियम भरपूर आहेत, पण जवळजवळ सगळे अटकेची नोंद झाल्यावर सुरू होतात. माणसाला घरातून नेल्यापासून कागदावर त्याचं नाव येईपर्यंत जो वेळ जातो, त्याचा हिशेब कोणाकडे नसतो. "पळून गेला" हे उत्तर त्याच पोकळीत उगवतं. तिन्ही प्रकरणांत घरच्यांनी पहिला प्रश्न विचारला तो "नेमका कधी, कुठे होता?" आणि त्याचं धड उत्तर मिळायला वर्षं गेली.

---

स्पष्टवक्ता_७७
शनिवार, रात्री ९:४०

झालं सुरू. आरोपीच्या हक्कांवर लिहिणारे शंभर, ज्या बाईचं मंगळसूत्र गेलं तिच्यावर लिहिणारा एक नाही. गळ्यावर वळ घेऊन घरी आलेली माझी आत्या मी पाहिली आहे. तिला न्यायालयाचे निकाल वाचून दाखवू का? खटला दहा वर्षं चालतो, साक्षीदार फुटतात, चोर जामिनावर सुटून त्याच गल्लीत उभा राहतो. अशा वेळी लोकांना पोलिसांचा धाकच हवा असतो. खोटं सांगू नका, तुम्हालाही हवा असतो.

---

कोर्टकचेरी
शनिवार, रात्री ९:५८

@स्पष्टवक्ता, आत्याबाईंबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण एकच विचारतो. त्यांच्या गळ्यातली साखळी ओढणारा आणि पोलिसांनी उचललेला माणूस एकच, हे मारण्याआधी कोणी ठरवलं?

११ जुलै २००६ चे लोकल स्फोट आठवा. सात स्फोट, १८० हून जास्त माणसं गेली. मोक्काखाली, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली खटला चालला, कारण मोक्कात पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्ताच्या हुद्द्यावरच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. एरवी पोलिसासमोरची कबुली कोर्टात शून्य. २०१५ मध्ये पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. ते कबुलीजबाब विश्वास ठेवण्यासारखे नाहीत, हे त्यामागचं एक मोठं कारण. जबाबांचे भागच्या भाग एकमेकांशी जुळत होते आणि छळाच्या आरोपाला बळ देणारे वैद्यकीय कागद रेकॉर्डवर होते. (सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली आहे, तेही सांगून ठेवतो.)

म्हणजे १९ वर्षांनी ज्यांची माणसं गेली त्यांच्या हातात काय? त्यांना न्याय मिळाला असं तुम्ही म्हणाल का?

---

स्पष्टवक्ता_७७
शनिवार, रात्री १०:०५

ते प्रकरण वेगळं. मी साध्या भुरट्या चोरांबद्दल बोलतोय.

---

माळरान
शनिवार, रात्री १०:३१

साध्या भुरट्या चोरांबद्दलच बोलू. पारधी वस्त्यांवर मुलांच्या शाळेचं काम करतो, त्यामुळे हे जवळून बघतो. आसपास दरोडा पडला की पहिली गाडी वस्तीवर येते. ज्याच्यावर संशय तो सापडला नाही तर त्याची बायको, म्हातारी आई, धाकटा भाऊ, जो हाताला लागेल तो "बसवून" ठेवतात. तो हजर झाला की हे सुटतात. यांना अटक झालेली नसते, यांची नोंद कुठेच नसते, जेवण वस्तीवरून जातं. कायद्याच्या भाषेत ही बेकायदा कैदच. आमच्याकडे त्याला कोणी काही म्हणतसुद्धा नाही, इतकं अंगवळणी पडलं आहे.

१८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत होती, तिथे हजेरी द्यावी लागे. १९५२ ला कायदा गेला, कुंपण तुटलं. पोलीस ठाण्यातली नजर तीच राहिली. जून १९९८ मध्ये बारामतीत पिन्या हरी काळे या पारध्याचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्याच वर्षी बंगालात बुधन सबर गेला. दोघंही एकेकाळच्या "गुन्हेगार" जमातींतले. या दोन मृत्यूंनंतर भटक्या-विमुक्तांच्या हक्कांचा प्रश्न देशभर बोलला गेला. बारामतीच्या बाहेर किती जणांना पिन्या काळे हे नाव माहीत आहे?

स्पष्टवक्ता साहेब, तुम्हाला उचलून नेलं तर कोणाला तरी फोन जाईल. वस्तीवरच्या माणसाचा फोन ठाण्यात उचलला जात नाही, आणि उचलला तर शिव्या मिळतात.

---

माजी_खाकी
रविवार, सकाळी ७:१५

रात्री वाचलं, उत्तर सकाळी देतो म्हटलं. तीस वर्षांवर नोकरी केली, शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. मी काय केलं आणि काय केलं नाही ते इथे लिहायला बसलेलो नाही. पण हे होतं कसं ते बाहेरच्यांना माहीत नसतं.

डीबीची, म्हणजे गुन्हे शोध पथकाची चार पोरं खबरीवरून एकाला घेऊन येतात. त्याला "चौकशीसाठी आणलंय" म्हणायचं. स्टेशन डायरीत लिहायचं नाही, कारण लिहिलं की चोवीस तासांचं घड्याळ चालू झालं. लॉकअपमध्येही टाकायचं नाही, तिथे गार्ड असतो, लॉकअप रजिस्टर असतं, वरचा अधिकारी भेट देतो. म्हणून बसवायचं डीबीच्या खोलीत, नाहीतर मागच्या जुन्या क्वार्टरमध्ये. काही ठिकाणी तर ठाण्यात आणतच नाहीत. तपास लागला की मग "अमुक ठिकाणी सापळा रचून ताब्यात घेतले" असा पंचनामा, आणि अटकेची वेळ त्या पंचनाम्यापासून.

मारतात कशासाठी? कबुलीसाठी नव्हे. कोर्टकचेरी म्हणतात ते बरोबर, पोलिसासमोरची कबुली चालत नाही हे नव्या शिपायालाही ठाऊक असतं. मारतात रिकव्हरीसाठी. पूर्वीचं पुरावा कायद्याचं कलम २७, आता नव्या साक्ष अधिनियमात ते कलम २३ चं परंतुक. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू निघाली, तर सांगण्यातला तेवढा भाग पुराव्यात येतो. दागिना निघाला, पंच उभे केले, निवेदन पंचनामा झाला, केस उभी राहिली. फिर्यादीलाही दागिना हवा असतो, कोणाला शिक्षा झाली याचं त्याला फारसं पडलेलं नसतं. आणि वर क्राइम मीटिंग. "डिटेक्शन किती टक्के? रिकव्हरी किती?" साहेब सगळ्यांसमोर पाणउतारा करतात. फॉरेन्सिकचा अहवाल यायला महिने, सीडीआर (मोबाइल कॉलचा तपशील) मागायला परवानगी, हाताशी माणसं अर्धी, त्यातली निम्मी बंदोबस्तात. मग पट्टा निघतो. काही ठाण्यांत त्याला लाडाने "सुंदरी" म्हणतात.

हे समर्थन नाही. पण नुसतं शिपायाला शिव्या देऊन काही होणार नाही. रिकव्हरीचा आकडा मागणारा माणूस कधीच आरोपी होत नाही, हे तुमच्या तिन्ही प्रकरणांत तपासून बघा.

---

वकिलीणबाई
रविवार, सकाळी ११:२०

@माजी_खाकी, नोंदीबद्दल इतकं सरळ लिहिलंत, आभार. काका, आता कायद्याची बाजू.

"डायरीत लिहिलं की घड्याळ सुरू" हे ठाण्यात चालतं, कायद्यात नाही. १९९० मध्येच मुंबई उच्च न्यायालयाने कस्टम्सच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितलं आहे की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं तिथेच अटक सुरू झाली. अधिकाऱ्याने कागदावर कोणती वेळ घातली याने ती ठरत नाही. ३५ वर्षं झाली त्याला. रिमांडच्या वेळी हा मुद्दा घेतला की सरकारी वकील म्हणतात, "ते साक्षीदार म्हणून स्वतःहून आले होते." रात्रभर. चप्पल, पट्टा आणि मोबाइल काढून ठेवून.

डी. के. बसू निकाल (डिसेंबर १९९६) सगळ्यांना ऐकून माहीत असतो. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी, जागेवर अटकेचा मेमो, त्यावर घरच्याची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही, नातेवाइकाला कळवणं, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी. त्याची सुरुवातही एका पत्रानेच झाली होती. बंगालात कायदेविषयक मदतीचं काम करणाऱ्या बसूंनी १९८६ मध्ये वर्तमानपत्रांतल्या कोठडी मृत्यूच्या बातम्यांकडे सरन्यायाधीशांचं लक्ष वेधलं. आता हे बरंचसं नागरिक सुरक्षा संहितेत (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेला कायदा) आलं आहे. पण मेमोवरची सही बघा कोणाची असते. ठाण्याबाहेरच्या टपरीवाल्याची. तोच पंच, तोच प्रतिष्ठित नागरिक.

आणि मॅजिस्ट्रेटसमोरचा तो प्रश्न. "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" मागे हातभर अंतरावर तेच पोलीस उभे, पुढे पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी वाढणार हे आरोपीला ठाऊक. तो "नाही" म्हणतो. ते "नाही" रिमांडच्या कागदावर जातं आणि पुढे आयुष्यभर त्याच्या विरोधात वापरलं जातं.

---

परभणीकर
रविवार, दुपारी १२:०२

वकिलीणबाई, शेवटचा परिच्छेद वाचून गप्प बसवेना.

डिसेंबर २०२४ ला आमच्याकडे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी बंद, जाळपोळ, मग धरपकड. त्यात सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. विधानसभेत सरकारतर्फे सांगितलं गेलं, की मॅजिस्ट्रेटने विचारल्यावर त्याने मारहाणीची तक्रार नाही असं सांगितलं होतं आणि त्याला श्वसनाचा आजार होता. शवविच्छेदनात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का असं कारण आलं. दंडाधिकारी चौकशीतही ठपका पोलिसांवरच. तरी साधा गुन्हा नोंदवून घ्यायला आईला औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. ४ जुलै २०२५ ला आदेश झाला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे त्यांचं काही चाललं नाही.

गुन्हा सिद्ध होणं लांबची गोष्ट. मी फक्त एफआयआरबद्दल बोलतोय.

युनूसही आमचाच. त्याच्या आईनेही कोर्टाच्या पायऱ्या अशाच झिजवल्या. त्या प्रकरणात सीआयडीने चौदा पोलिसांवर खटल्याची परवानगी मागितली, सरकारने चौघांपुरती दिली. ते चौघं २००४ पासून निलंबित होते, २०२० मध्ये परत कामावर घेतले. त्यातले सचिन वाझे पुढच्याच वर्षी कशामुळे देशभर गाजले ते सांगायला नको. आणि ज्या खटल्यात युनूस आरोपी होता, त्यातले बाकीचे आरोपी २००५ मध्ये निर्दोष सुटले.

---

स्पष्टवक्ता_७७
रविवार, दुपारी १२:४५

चौदापैकी चार हे मला माहीत नव्हतं. तरी सगळे पोलीस असेच, असं चित्र उभं करू नका. रात्रंदिवस राबणारेही पाहिले आहेत.

---

टेम्स_काठचा
रविवार, दुपारी ३:३०

मूळचा डोंबिवलीकर, इथे इंग्लंडात दुभाष्याचं काम करतो. त्यामुळे इथल्या कोठड्यांत अधूनमधून जाणं होतं. "आमच्याकडे बघा कसं" हा सूर लावायचा नाही. इथेही कोठडीत माणसं मरतात आणि पोलिसांना शिक्षा झाल्याची उदाहरणं शोधावीच लागतात.

पण माजी_खाकींनी सांगितलं त्याच्याशी भिडणारी एक गोष्ट इथे आहे. आणलेल्या माणसाला आधी कस्टडी सार्जंटसमोर उभं करतात. त्याचा तपासाशी काडीचा संबंध असता कामा नये, हे १९८४ च्या कायद्यातच लिहिलं आहे. तो विचारतो, याला का आणलं, ठेवायची गरज काय? पटलं नाही तर सोडून द्यायचा अधिकार त्याला आहे. त्याच क्षणी त्या माणसाच्या नावाचं रेकॉर्ड उघडतं आणि पुढे त्यात सगळं चढत जातं. जेवण दिलं, डॉक्टर आला, वकिलाशी बोलला, झोपला. वकील फुकट मिळतो. पहिला आढावा सहा तासांत, मग दर नऊ तासांनी. चोवीस तासांच्या वर फक्त गंभीर गुन्ह्यात, तेही वरच्या अधिकाऱ्याच्या सहीने ३६ पर्यंत, पुढे मॅजिस्ट्रेट, आणि काही झालं तरी ९६ च्या पुढे नाही (दहशतवादाचे कायदे वेगळे). आपल्याकडे पंधरा दिवसांचा पीसीआर ऐकला की इथल्या वकिलांचे डोळे विस्फारतात.

हा कायदाही पोलिसांच्या चांगुलपणातून आलेला नाही. १९७२ मध्ये लंडनमधल्या एका खुनात तीन पोरांकडून कबुली घेतली, शिक्षा झाली, १९७५ ला ती टिकली नाही. त्या बोभाट्यातून आयोग बसला आणि आयोगाच्या अहवालातून हा कायदा.

---

माजी_खाकी
रविवार, संध्याकाळी ५:१०

आपल्याकडे ठाणे अंमलदार असतो की. फरक इतकाच की तो सीनिअर पीआयच्या हाताखाली, त्याचा वार्षिक अहवाल तेच लिहिणार. डीबीच्या पोरांना तो विचारू शकत नाही की याला कुठून आणलं. विचारलं तर दुसऱ्या दिवशी त्याची ड्युटी नाकाबंदीला.

---

चाळीतली_वहिनी
रविवार, रात्री ८:२५

तुमच्या एवढ्या मोठ्या चर्चेत माझा साधा प्रश्न. आमच्या शेजारच्या मुलाला दोन साध्या कपड्यांतले पोलीस "सोसायटीतल्या चोरीबद्दल विचारायचंय" म्हणून काल संध्याकाळी घेऊन गेले. रात्रभर आला नाही. आज सकाळी ठाण्यात गेलो तर म्हणाले, इथे आणलाच नाही. तासाभरापूर्वी त्याचा भावाला फोन आला, हळू आवाजात बोलला, कट झाला. त्याची आई रडून रडून अर्धी झाली आहे. आम्ही नेमकं करायचं काय? वकिलाची फी कोणाकडे नाही.

---

वकिलीणबाई
रविवार, रात्री ८:३९

वहिनी, मुलाचं नाव, ठाण्याचं नाव इथे लिहू नका. मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देते. तोपर्यंत हे करा, आत्ताच.

आईच्या किंवा भावाच्या मोबाइलवरून ११२ ला फोन करा. "माझ्या मुलाला पोलीस घेऊन गेले, ठाण्यात नाही म्हणतात, त्याच्या जिवाला धोका आहे" असं सांगा आणि नोंदीचा क्रमांक मागून घ्या. मदत किती मिळेल ते सोडा, आज रात्री इतक्या वाजता तुम्ही तक्रार केलीत याची नोंद त्यांच्याच यंत्रणेत पडते. मग तोच मजकूर पोलीस आयुक्त किंवा अधीक्षकांच्या कार्यालयाला ईमेल करा, प्रत राज्य मानवी हक्क आयोगाला. चार ओळी पुरेत: कधी नेलं, कोणी नेलं, कपडे कसे, गाडी कोणती, कोणी पाहिलं, फोन किती वाजता आला. साहित्य नको. सोसायटीच्या सीसीटीव्हीत नेतानाचं चित्रण असेल तर आज रात्रीच कॉपी करून घ्या, बहुतेक ठिकाणी ते थोड्या दिवसांत पुसलं जातं. फोन आल्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

फुकट वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, १५१०० वर फोन. ताब्यात असलेल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला न मागता वकील मिळतो.

उद्या सकाळपर्यंत आला नाही तर दोन वाटा. एक, बेकायदा डांबून ठेवलेल्या माणसाच्या शोधासाठी मॅजिस्ट्रेटकडे अर्ज (पूर्वीचं ९७, आता संहितेचं कलम १००). दुसरी, उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका. त्याची नोटीस सरकारी वकिलाच्या हातात पडली की बऱ्याचदा मुलगा संध्याकाळी "सापडतो".

ठाण्यात जाताना एकट्या जाऊ नका. आवाज चढवू नका. आणि कोणी "पाच हजार द्या, सोडतो" म्हणालं तर आधी मला फोन.

---

माजी_खाकी
रविवार, रात्री ८:५२

वहिनी, एक भर. ठाण्यात बाहेरच्या काउंटरवर विचारलं तर "इथे नाही" हेच ऐकाल, त्या शिपायाला कदाचित खरंच माहीत नसेल. थेट एसीपींच्या ऑफिसला जा, ग्रामीण भाग असेल तर डीवायएसपींच्या. लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट वेळही घालायला सांगा. तो वेळेचा शिक्का डीबीवाल्यांना वकिलापेक्षा जास्त झोंबतो.

साध्या कपड्यांतले ते दोघं पोलीसच होते का, तेही बघा. काही ठिकाणी पथकासोबत "झिरो पोलीस" फिरतात. नोकरीत नाहीत, पण गाडीत बसतात, पकडतात, मारतातसुद्धा. सांगलीच्या प्रकरणातही असा एक जण आरोपी होता.

---

संपादक मंडळ
रविवार, रात्री ९:०३

या धाग्यावर चालू प्रकरणातल्या कोणाचंही नाव, पत्ता, ठाणं, फोन नंबर देऊ नये. दोन प्रतिसाद त्या कारणाने अप्रकाशित केले आहेत. जातिवाचक शेरे मारणाऱ्या आयडीला समज दिली आहे.

---

माळरान
सोमवार, सकाळी ६:५०

वकिलीणबाईंचे मुद्दे छापून वस्तीवर लावतो. ईमेलचं आमच्याकडे कठीण, पण ११२ सगळ्यांना जमेल. पूर्वी कार्यकर्ते जिल्ह्याच्या गावी जाऊन तार करायचे. तारेवर वेळ छापलेली असायची, कोर्टात ती कामाला यायची.

---

कोर्टकचेरी
सोमवार, सकाळी १०:१५

वहिनींच्या बातमीची वाट बघतोय. तोवर सीसीटीव्हीबद्दल, कारण व्यनितून दोघांनी विचारलं.

वडाळ्याच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने २०१४ मध्येच राज्यातल्या सगळ्या ठाण्यांत कॅमेरे बसवायला सांगितलं होतं. २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात देशभरासाठी तपशीलवार आदेश दिला. फाटक, लॉकअप, व्हरांडा, निरीक्षक-उपनिरीक्षकांच्या खोल्या, स्वच्छतागृहाच्या बाहेर, सगळीकडे कॅमेरा. आवाजासकट, अंधारातही दिसेल असा, आणि चित्रण १८ महिने जपून ठेवायचं. ते जमत नसेल तिथेही निदान एक वर्ष. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयालाच हा विषय पुन्हा स्वतःहून हाती घ्यावा लागला, यावरून काय ते समजा. कॅमेरा हमखास "त्याच दिवशी बंद" असतो. माझ्या मते घटनेच्या वेळी कॅमेरा बंद निघाला, तर न्यायालयाने पोलिसांच्या विरोधात गृहीत धरावं. विधी आयोगाने १९८५ मध्ये जखमांबाबत असंच सुचवलं होतं: कोठडीत असताना इजा झाली, तर ती पोलिसांनी केली असं गृहीत धरायची मुभा न्यायालयाला असावी. अजून तो बदल झालेला नाही. छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, त्यालाही संमती द्यायची राहिलीच आहे. २०१० मध्ये लोकसभेत विधेयक मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं, मेलं.

आणि "असं क्वचित होतं" म्हणणाऱ्यांसाठी सरकारने राज्यसभेत दिलेली माहिती: एप्रिल २०१७ ते मार्च २०२२ या पाच वर्षांत पोलीस कोठडीतले ६६९ मृत्यू. सगळ्यात जास्त गुजरात ८०, मग आपण, ७६. यात आजाराने आणि आत्महत्येने गेलेलेही आहेत. नोंदीआधी गेलेले नाहीत.

---

चाळीतली_वहिनी
सोमवार, दुपारी १:४०

आला! साडेअकराला सोडला. काल रात्री ११२ केला, ईमेल माझ्या मुलीने केले, सकाळी चौघी जणी एसीपी ऑफिसला जाऊन अर्ज दिला. पोच घेतली, वेळ घालायला लावली. शिपाई कटकट करत होता पण घातली.

तळपायांना सूज आहे, नीट चालता येत नाही. कुठे ठेवलं होतं ते त्याला सांगता येत नाही, ठाणं नव्हतं म्हणतो, वरच्या मजल्यावरची खोली होती. सोडताना एका कोऱ्या कागदावर सही घेतली. त्याची आई म्हणते आता विषय संपवा, पुन्हा नेतील. मला कळत नाही काय करावं.

---

वकिलीणबाई
सोमवार, दुपारी १:५२

सुटला हे फार चांगलं झालं. आईंची भीती खरी आहे, त्यांच्यावर जोर करू नका, तक्रार करायची की नाही ते त्यांनी आणि मुलाने ठरवायचं. पण ठरवायला वेळ मिळावा म्हणून एवढं आज व्हायला हवं: सरकारी रुग्णालयात जा, केसपेपर काढा. डॉक्टरांनी "कसं लागलं" विचारलं की जे झालं तेच सांगायला सांगा, पडलो म्हणू नये. एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामाची वैद्यकीय नोंद करायला सांगा. पायांचे फोटो काढा, चेहरा आणि तळपाय एकाच चौकटीत येतील असे. सूज चार दिवसांत उतरेल.

कोऱ्या कागदावर सही घेतल्याचं आजच्याच तारखेने ईमेलवर कळवून ठेवा, कालच्याच पत्त्यावर. पुढे त्या कागदावर "स्वखुशीने आलो, काही तक्रार नाही" उमटेल तेव्हा उपयोगी पडेल.

---

स्पष्टवक्ता_७७
सोमवार, दुपारी २:३०

वहिनी, त्या चोरीचं काय झालं?

---

चाळीतली_वहिनी
सोमवार, दुपारी २:४१

अजून कोणी सापडलेलं नाही. आता वॉचमनच्या भाच्याला बोलावलंय म्हणे.

---

माजी_खाकी
सोमवार, दुपारी २:४४

वॉचमनला सांगा, लेखी नोटीस मागायची. साक्षीदार म्हणून बोलवायचं तरी लेखीच बोलवावं लागतं, आणि संशयित असेल तर संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस. भाचा पंधराच्या आत असेल तर ठाण्यात बोलावताच येत नाही, घरी येऊन विचारायचं. त्याच्यासोबत कोणीतरी जा, आणि निघताना ११२.